अल्पकालिक गोंदण व प्रथिने

त्वचेवर काही दिवस, आठवडे वा महिने टिकून नंतर आपोआप नाहीशी होणारी चिन्हे, नक्षी वा अक्षरे यांना अल्पकालिक गोंदण असे म्हणतात. कायमच्या गोंदणात रंगद्रव्य सुईने त्वचेच्या आतील थरात घातले जाते. अल्पकालिक गोंदणात ते बहुधा त्वचेच्या सर्वांत बाहेरील थरातच राहते. मेंदी, दक्षिण अमेरिकेतील जागुआ, मतदाराच्या बोटाला लावण्यात येणारी न पुसणारी शाई, पाण्याने चिकटविण्याची छापील चित्रे आणि अलीकडच्या काळात तयार झालेली जीवसंवेदक गोंदणे हे याचे प्रमुख प्रकार होत. त्वचा मुख्यत्वे प्रथिनांची बनलेली असते. त्यामुळे एखादे चिन्ह किती काळ टिकेल, हे रंगाच्या गडदपणापेक्षा तो रंग त्वचेच्या कोणत्या थरात व तेथील प्रथिनांशी किती घट्टपणे निगडित होतो यावर अवलंबून असते. या गोष्टीचे रासायनिक स्पष्टीकरण विसाव्या शतकात मिळाले. तिचा प्रत्यक्ष उपयोग मात्र माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत प्रथिनांची रचना हेतुपुरस्सर बदलण्याचे तंत्र हाती आले व त्वचेवरील चिन्हाला नवी कामे सोपविणे शक्य झाले. चिन्ह किती काळ राहावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

त्वचेची रचना : मानवी त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या कोशिका सतत तयार होतात व वर सरकत जातात. वर सरकताना त्यांच्यात केराटीन हे तंतुमय प्रथिन साठते, त्या चपट्या व निर्जीव होतात आणि पृष्ठभागी त्यांचा शृंगस्तर बनतो. तळापासून पृष्ठभागापर्यंतचा हा प्रवास सु. चार ते सहा आठवड्यांत पूर्ण होतो आणि शृंगस्तरातील कोशिका साधारणपणे दोन आठवड्यांत झडून जातात. त्यामुळे या थराला लागलेला कोणताही रंग, मग तो कितीही पक्का असला तरी, त्या कोशिकांबरोबर निघून जातो. अंतस्त्वचा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असून ती अशा रीतीने झडत नाही. म्हणून तेथे पोहोचलेले रंगद्रव्य आयुष्यभर राहू शकते. तळहात व तळपाय येथील शृंगस्तर शरीराच्या इतर भागांपेक्षा पुष्कळ जाड असतो. मेंदी तेथेच सर्वांत गडद रंगते याचे कारण हेच होय. कुंकवासारखे पदार्थ केवळ पृष्ठभागी चिकटून बसतात, प्रथिनांशी बंध निर्माण करीत नाहीत आणि त्यामुळे धुतले असता निघून जातात.

कायमचे गोंदण : इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या पुरुषाच्या देहावर ६१ गोंदणचिन्हे आढळली असून ती कोळशाच्या पुडीने केलेली आहेत. महाराष्ट्रात काजळी किंवा कोळशाची पूड वनस्पतींच्या रसात कालवून स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर गोंदण्याची प्रथा होती. मृत्यूनंतर अंगावरचे सर्व दागिने काढून घेतले जातात, बरोबर येते ते फक्त गोंदण, अशी त्यामागील समजूत होती. म्हणजे टिकाऊपणा हेच गोंदणाचे मोल मानले जात होते. टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेल्या गोंदणयंत्राचे एकस्व न्यूयॉर्क येथील सॅम्युएल ओरायली यांना १८९१ मध्ये मिळाले आणि त्यानंतर गोंदण जलद व स्वस्त झाले.

याच टिकाऊपणाचा उपयोग शिक्षा व ओळख यांसाठीही झाला. बंगाल इलाख्यात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची अक्षरे गोंदण्यात येत. ही पद्धत १८४९ मध्ये कायद्याने बंद करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात आउशविट्स येथील नाझी छळछावणीत १९४१ पासून बंदिवानांच्या अंगावर क्रमांक गोंदले गेले. ज्यांच्या अंगावर हे क्रमांक होते त्यांना छावणीतून सुटका झाल्यावरही ते आयुष्यभर वागवावे लागले.

अंतस्त्वचेतील रंगद्रव्य जागच्या जागी कसे राहते, हे पुष्कळ काळ नीटसे कळलेले नव्हते. परके कण गिळणाऱ्या महाभक्षी कोशिका ते रंगद्रव्य सामावून घेतात आणि दीर्घकाळ जगतात, असे मानले जाई. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी असे दाखविले की, या कोशिका यथाकाल मरतात, त्यांतील रंगद्रव्य बाहेर पडते व त्या जागी आलेल्या नव्या कोशिका ते पुन्हा गिळतात. म्हणजे गोंदणाचा कायमपणा हा स्थितीचा नसून सतत चालणाऱ्या हस्तांतरणाचा परिणाम आहे.

मेंदी : मेंदीचे झुडूप लिथ्रेसी कुलातील असून कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी १७५३ मध्ये त्याला लॉसोनिया इनर्मिस हे शास्त्रीय नाव दिले. याच नावावरून मेंदीतील रंजक पदार्थाला लॉसोन म्हणतात. त्याचे रासायनिक सूत्र C₁₀H₆O₃ असे असून तो दहा कार्बन अणू असलेला नॅप्थोक्विनोन वर्गातील नारिंगी पदार्थ आहे. ताज्या पानात तो मुख्यतः शर्करेशी जोडलेल्या, रंगहीन अशा पूर्वद्रव्याच्या रूपात असतो. पाने वाटून वा सुकवून केलेली पूड भिजविली म्हणजे हे बंध तुटतात आणि हवेतील ऑक्सिजनाच्या क्रियेने लॉसोन तयार होते. मेंदी काही तास भिजत ठेवण्याची, तीत लिंबाचा रस घालण्याची व हातावर ती लवकर वाळू न देण्याची घरोघरची रीत या विक्रियेला पोषकच आहे. लॉसोनाचे रेणू लहान असल्याने ते शृंगस्तरात शिरतात आणि केराटिनातील ॲमिनो व गंधकयुक्त गटांशी रासायनिक बंध निर्माण करतात. प्रारंभी नारिंगी दिसणारा रंग पुढील एक-दोन दिवसांत ऑक्सिडीभवनामुळे तांबूस तपकिरी होतो व एक ते तीन आठवडे टिकतो. केसांमध्येही केराटीनच असल्यामुळे मेंदी केसांनाही रंगविते. पण केस झडेपर्यंत वा कापले जाईपर्यंत त्यांचा तो भाग तसाच राहतो, म्हणून तेथे रंग अधिक काळ दिसतो.

लॉसोन ॲमिनो अम्लांशी संयोग पावते, या गुणाचा एक वेगळा उपयोग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये सुचविला. कागदावर उमटलेल्या बोटांच्या ठशांत घामातील ॲमिनो अम्ले असतात. त्यांवर लॉसोनाची विक्रिया करून अदृश्य ठसे दृश्य करता येतात. हातावर नक्षी उमटविणारी व गुन्हेगाराचा ठसा उघड करणारी विक्रिया मुळात एकच आहे.

जागुआ : दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील जेनिपा अमेरिकाना या वृक्षाच्या कच्च्या फळांच्या रसाने ॲमेझॉन खोऱ्यातील कायापो व इतर जमातींचे लोक अंगावर नक्षी काढतात. हा रस लावताना जवळजवळ रंगहीन असतो. काही तासांनी त्वचेवर निळसर काळा रंग उमटतो आणि तो एक ते दोन आठवडे टिकतो. याच जमाती शेंद्रीच्या बियांचा तांबडा रंगही वापरतात. परंतु तो तेलात विरघळणारा असून त्वचेच्या प्रथिनांशी बंध करीत नसल्याने लवकर निघून जातो. फळातील जेनिपिन या संयुगाची संरचना कार्ल जेरासी (१९२३–२०१५) व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास निश्चित केली. जेनिपिन स्वतः रंगहीन आहे. प्रथिनांतील ॲमिनो गटांशी ऑक्सिजनाच्या सान्निध्यात त्याचा संयोग झाला म्हणजेच निळा रंग निर्माण होतो. म्हणजे जागुआच्या बाबतीत त्वचा ही केवळ रंग धारण करणारी पृष्ठभूमी नसून रंगाचा एक घटक असते. जेनिपिन दोन प्रथिन साखळ्यांना आडव्या बंधांनी जोडू शकते. म्हणून कोलॅजेन व जिलेटीन यांपासून वैद्यकीय उपयोगाची द्रव्ये तयार करताना त्याचा वापर केला जातो. जेनिपिन व ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल यांपासून मिळणाऱ्या निळ्या रंगाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये खाद्यरंग म्हणून मान्यता दिली.

काळी मेंदी व अधिहर्षता : प्रथिनांशी होणारा संयोग नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. मेंदीचा रंग लवकर व अधिक काळा यावा म्हणून तीत पॅराफिनिलीनडायअमाइन हे रसायन मिसळण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केसांच्या कलपात वापरात असलेले हे रसायन त्वचेत शिरून तेथील प्रथिनांशी जोडले जाते. अशा रीतीने बदललेले स्वतःचेच प्रथिन शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला परके वाटते. लहान रेणू प्रथिनाशी जोडला गेल्यावरच अधिहर्षता उत्पन्न करतो, ही कल्पना कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी मांडली होती आणि १९३५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने साध्या रसायनांनी गिनीपिगांच्या त्वचेत अशी अधिहर्षता निर्माण करून दाखविली. महाराष्ट्रात परिचित असलेला बिब्बा हे याचे जुने उदाहरण होय. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत आणि काहींच्या अंगावर नेमक्या त्या खुणेच्या जागी फोड उठत. काळ्या मेंदीमुळे नक्षीच्या रेषांवर फोड येतात, काहींना कायमचा वण राहतो आणि अशा व्यक्तीने पुढे कधी केसांना कलप लावला तर तीव्र दाह होऊ शकतो. अल्पकालिक म्हणून काढलेली नक्षी निघून जाते, पण शरीराची त्या रसायनाविषयीची स्मृती आयुष्यभर राहते. अमेरिकेत मेंदीला केवळ केसांचा रंग म्हणून मान्यता आहे, तर पॅराफिनिलीनडायअमाइन त्वचेवर वापरण्यास तेथे व यूरोपीय संघात परवानगी नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील त्वचादाहतज्ज्ञांच्या संस्थेने हे रसायन त्या वर्षातील प्रमुख अधिहर्षताकारक म्हणून जाहीर केले.

मतदानाची शाई : राज्यसंस्थेने नागरिकाच्या अंगावर केलेली, परंतु हेतुतः अल्पकाळ टिकणारी खूण म्हणून भारतातील मतदानाच्या शाईला विशेष महत्त्व आहे. एकाच व्यक्तीने दोनदा मतदान करू नये म्हणून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून (१९५१–५२) न पुसणाऱ्या शाईचा वापर होत आला. पुढे दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने शाईचे सूत्र विकसित केले व १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूर येथील शासकीय रंगकारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. म्हैसूर संस्थानाचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ मध्ये हा कारखाना स्थापन केला होता. शाईचे संपूर्ण सूत्र गुप्त ठेवण्यात आले असले, तरी तिचा कार्यकारी घटक सिल्व्हर नायट्रेट हा आहे. त्वचेवरील मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते, काही चांदी केराटिनातील गंधकयुक्त गटांशी निगडित होते आणि प्रकाशाच्या क्रियेने चांदीचे अतिसूक्ष्म काळे कण मोकळे होतात. हे कण पाणी, साबण वा तेल यांनी निघत नाहीत. त्वचेवरील खूण काही दिवसांत वा आठवड्यांत कोशिकांबरोबर झडते. नखावरील खूण मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहते. म्हणून २००६ पासून डाव्या हाताच्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून खालच्या त्वचेपर्यंत रेघ ओढण्याची पद्धत ठरविण्यात आली. म्हैसूरची शाई अनेक परदेशांनाही पुरविली जाते. ही खूण सर्व मतदारांना सारखीच लावली जाते, तीवरून मत कोणाला दिले हे समजत नाही आणि पुढील निवडणुकीपूर्वी ती नाहीशी होते.

या शाईचा वेगळा उपयोग मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात झाला. कोरोना विषाणूच्या साथीत घरी विलग राहण्यास सांगितलेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर विलगीकरणाच्या अखेरच्या तारखेचा शिक्का न पुसणाऱ्या शाईने मारण्यात आला. मतदानाची खूण अभिमानाने दाखविली जाते. विलगीकरणाचा शिक्का असलेल्या व्यक्तींना मात्र रेल्वेगाड्यांतून खाली उतरविल्याच्या घटना घडल्या. शाई तीच व टिकण्याचा काळही सारखाच असला, तरी खुणेचा अर्थ ती कोण, कोणाच्या अंगावर व कशासाठी करतो यावरून ठरतो, हे यावरून दिसून येते.

प्रथिन अभियांत्रिकी : वर उल्लेखिलेल्या सर्व प्रकारांत त्वचेतील प्रथिन जसे आहे तसे स्वीकारून त्याला अनुरूप असा रंग शोधण्यात आला. प्रथिनच हवे तसे घडविण्याचा मार्ग पुढील शोधांमुळे खुला झाला. फ्रेडरिक सँगर (१९१८–२०१३) यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनातील ॲमिनो अम्लांचा संपूर्ण क्रम निश्चित केला आणि प्रत्येक प्रथिनाचा क्रम ठराविक असतो हे सिद्ध झाले. जॉन केंड्रू व माक्स पेरूट्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अनुक्रमे मायोग्लोबिन व हीमोग्लोबिन यांची त्रिमितीय संरचना उलगडली. कॅनडातील मायकेल स्मिथ (१९३२–२०००) व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये डीएनएमधील ठरविलेल्या जागीच बदल घडवून आणण्याची पद्धती मांडली; तिच्यामुळे प्रथिनातील हवे ते एकच ॲमिनो अम्ल बदलणे शक्य झाले. या कार्याबद्दल स्मिथ यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ग्रेगरी विंटर, ॲलन फेर्श्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये या पद्धतीने एका एंझाइमाचे गुणधर्म बदलून दाखविले.

तथापि कोणता बदल केला असता कोणता गुण येईल, हे आधी सांगता येणे अवघड होते. अमेरिकेतील फ्रान्सिस अर्नल्ड (१९५६– ) यांनी निसर्गाचीच रीत अनुसरली. एंझाइमाच्या जीनमध्ये स्वैर बदल घडवावयाचे, त्यांतून अधिक चांगले रूप निवडावयाचे आणि त्यात पुन्हा बदल घडवावयाचे, अशी ही पद्धती असून तिला नियंत्रित क्रमविकास म्हणतात. सब्टिलिसीन हे एंझाइम सेंद्रिय विद्रावकात फारसे कार्य करीत नाही. १९९३ मध्ये त्यांनी त्याचे असे रूप मिळविले की, ६० टक्के डायमिथिल फॉर्मामाइड असलेल्या विद्रावात त्याची क्रियाशीलता मूळच्या २५६ पट झाली. अर्नल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा भाग जॉर्ज स्मिथ व विंटर यांना विभागून देण्यात आला.

प्रकाश व रंग यांच्या दृष्टीने हिरव्या प्रस्फुरक प्रथिनाचा शोध महत्त्वाचा ठरला. ओसामू शिमोमुरा (१९२८–२०१८) यांना ते एका जेलीफिशमध्ये १९६२ च्या सुमारास आढळले. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचे जीन इतर जीवांत घालून त्यांना प्रस्फुरक केले, तर रॉजर चेन (१९५२–२०१६) यांनी त्यातील ॲमिनो अम्ले बदलून अधिक तेजस्वी व विविध रंगांची रूपे तयार केली. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवसंवेदक गोंदणे : विशिष्ट पदार्थ ओळखण्यासाठी प्रथिनाचा उपयोग करणाऱ्या साधनाला जीवसंवेदक म्हणतात. लेलंड क्लार्क (१९१८–२००५) यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम विद्युत् अग्रावर बसवून रक्तातील ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. या साधनांत योग्य प्रथिन निवडणे किती निकडीचे असते, याचा प्रत्यय पुढे आला. मधुमेहींच्या काही रक्तपरीक्षा पट्ट्यांतील एंझाइमाला ग्लुकोज व माल्टोज यांतील फरक ओळखता येत नसे. विशिष्ट प्रकारचे उदरीय अपोहन चालू असलेल्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज असल्याने या पट्ट्या साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवीत आणि त्यावरून इन्शुलिनाची अवाजवी मात्रा दिली जाई. अशा १३ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात आहे. पुढे उत्परिवर्तनाने माल्टोजाला कमी प्रतिसाद देणारे एंझाइमाचे रूप घडवून ते अशा पट्ट्यांत वापरण्यात आले.

मुलांच्या खेळण्यातील चिकटचित्रांप्रमाणे पाण्याने त्वचेवर बसविता येणारे इलेक्ट्रॉनीय साधन जॉन रॉजर्स व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०११ मध्ये तयार केले. ते त्वचेबरोबर ताणले व मुडपले जात असून त्याने हृदय, मेंदू व स्नायू यांचे विद्युत् संदेश नोंदविता येत होते. पुढील वर्षी प्रिन्स्टन व टफ्ट्स या विद्यापीठांतील संशोधकांनी दातावर बसविण्याचे संवेदक गोंदण तयार केले. त्यात रेशमातील फायब्रोइन या प्रथिनाच्या पातळ पटलावर ग्रॅफीनचा थर होता. पटल पाण्याने विरघळून जाई व ग्रॅफीन दातावर राही. ग्रॅफिनाला एका टोकाने चिकटणारी व दुसऱ्या टोकाने सूक्ष्मजंतू पकडणारी लहान प्रथिन साखळी त्यासाठी मुद्दाम रचण्यात आली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत जोसेफ वांग व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये घामातील लॅक्टेट मोजणारे आणि २०१५ मध्ये सुई न टोचता ग्लुकोजाचा अंदाज घेणारे एंझाइमयुक्त चिकटगोंदण प्रसिद्ध केले.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे २०१७ मध्ये जीनबदल केलेल्या सूक्ष्मजंतूंची शाई जलयुक्त जेलमध्ये मिसळून झाडाच्या आकृतीचे गोंदण छापण्यात आले. त्वचेवर विशिष्ट रसायन लावले असता आकृतीची संबंधित फांदी प्रस्फुरक प्रथिनामुळे उजळत असे. स्वित्झर्लंडमधील मार्टिन फुसेनेगर यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये याहून वेगळा मार्ग दाखविला. रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर टायरोसिनेज या एंझाइमाच्या साहाय्याने मेलॅनीन तयार करणाऱ्या कोशिका उंदरांच्या त्वचेखाली बसविण्यात आल्या. कॅल्शियमाची अशी वाढ काही कर्करोगांत आढळते. अशा उंदरांच्या त्वचेवर तिळासारखा काळा डाग उमटला; निरोगी उंदरांवर काहीच दिसले नाही. या पद्धतीत गोंदण आधी काढलेले नसते. शरीरातील बदल झाल्यावरच ते प्रकट होते.

विरणाऱ्या गोंदणशाया : सुईने गोंदावयाची, पण ठराविक काळाने विरून जाणारी शाई तयार करण्याचेही प्रयत्न झाले. नको असलेले गोंदण काढण्यासाठी लेसर किरणांचा उपयोग होतो. विशिष्ट तरंगलांबीच्या अत्यल्पकालीन झोताने आसपासच्या ऊतकाला इजा न करता रंगकणच फोडण्याचे तत्त्व १९८३ मध्ये मांडले गेले. परंतु हे उपचार खर्चिक व वेदनादायक असून त्यांसाठी अनेक बैठका लागतात. यास पर्याय म्हणून न्यूयॉर्कमध्ये जैव विघटनशील बहुवारिकांत रंग कोंडून तयार केलेली शाई २०२१ मध्ये व्यवसायात आली. ती नऊ ते पंधरा महिन्यांत नाहीशी होईल असे प्रारंभी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पुष्कळांच्या अंगावरील चिन्हे त्यानंतरही राहिली आणि २०२३ मध्ये या गोंदणगृहांचे काम थांबले. अंतस्त्वचेत बहुवारिकाचे कण किती वेगाने विघटित होतील, हे व्यक्ती, शरीराचा भाग व सुईची खोली यांनुसार बदलते. शृंगस्तराच्या झडण्याला जशी नियमितता आहे, तशी अंतस्त्वचेतील कोशिकांच्या व्यवहाराला नाही. मेंदीचा काळ त्वचा ठरविते; येथे तो शाईने ठरवावा अशी अपेक्षा होती.

यूरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शायांतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. जीवसंवेदक गोंदणांपैकी बहुतेक प्रयोगावस्थेत आहेत. त्वचेवर एंझाइमे फार काळ क्रियाशील राहत नाहीत आणि घामातील घटकांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाशी नेहमीच जुळत नाही, या त्यांपुढील मुख्य अडचणी होत. प्रथिनांची संरचना संगणकाने आधीच सांगण्याच्या व संपूर्ण नवी प्रथिने रचण्याच्या कार्याबद्दल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतींमुळे त्वचेवर अधिक काळ टिकणारी संवेदक प्रथिने रचणे सुकर होण्याचा संभव आहे. अशी गोंदणे व्यक्तीच्या आरोग्याची माहिती तिच्या अंगावरच सर्वांना दिसेल अशी लिहू शकतील. ही माहिती कोणी वाचावी आणि ती केव्हा पुसली जावी, याचे नियम त्यांच्या प्रसारापूर्वी ठरविणे आवश्यक आहे.